ठाणे आणि नवी मुंबईत माझा धर्मप्रांत कोणता, आणि बिशपांच्या वर कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाची पत्रं, बाप्तिस्म्याचा दाखला, नाहीतर नव्या बिशपांच्या नेमणुकीचा व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज. असं काहीतरी निमित्त होतं आणि प्रश्न येतो. खालचे प्रश्न घोडबंदर रोडपासून पनवेलपर्यंतच्या लोकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. साधे आधी घेतले, किचकट नंतर. एकदा दिलेलं उत्तर पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक विनंती. "माझा धर्मप्रांत कोणता" हे विचारण्याआधी आपण कुठल्या चर्चचे, हे घरातल्या मोठ्यांकडून पक्कं करून घ्या: लॅटिन कॅथलिक, सीरो-मलबार, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, मार थोमा, आणखी कुठलं. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

१. धर्मप्रांत, डायोसिस, पॅरिश, धर्मग्राम, डीनरी. यातलं काय कशाच्या आत येतं?

डायोसिस म्हणजे धर्मप्रांत आणि पॅरिश म्हणजे धर्मग्राम. वसईकडे मराठी नावं रुळलेली आहेत, ठाण्या-वाशीत सगळे पॅरिशच म्हणतात. एका बिशपांच्या हाती सोपवलेला श्रद्धावंतांचा समुदाय म्हणजे धर्मप्रांत. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही व्याख्या लोकांपासून सुरू होते, नकाशा त्यानंतर येतो. या समुदायाचे लहान भाग म्हणजे पॅरिश, आणि प्रत्येक पॅरिशला एक प्रमुख धर्मगुरू. शेजारशेजारच्या काही पॅरिश मिळून डीनरी होते, तिच्यावर एक डीन.

डीनबद्दल कोणी फारसं विचारत नाही, पण त्यांचं काम अगदी हाताला लागेल असं असतं. पॅरिशच्या वह्या नीट भरल्या जातात का, सांभाळल्या जातात का, चर्चची इमारत आणि वस्तू ठाकठीक आहेत का, एखादे फादर आजारी असतील तर त्यांची सोय झाली का, हे सगळं त्यांनी बघायचं असतं.

२. मी ठाण्यात राहते. माझा धर्मप्रांत कोणता?

लॅटिन कॅथलिक असाल तर मुंबई महाधर्मप्रांत, म्हणजे ज्याचे प्रमुख आर्चबिशप असतात असा धर्मप्रांत. मुंबई शहर, उपनगर, ठाणे आणि रायगड हे जिल्हे त्यात येतात. त्यामुळे तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च असो, वाशीचं सेक्रेड हार्ट असो की पनवेलचं पॅरिश असो, वरचे आर्चबिशप एकच. खारघरला घर घेतलं की जिल्हा बदलतो, धर्मप्रांत बदलत नाही.

सीरो-मलबार असाल तर कल्याण (प्रश्न १० आणि ११ पाहा). सीरो-मलंकारांचा (हेही कॅथलिकच, प्रश्न १०) एक धर्मप्रांत पुण्याजवळ खडकीला आहे, २०१५ मध्ये एक्झार्केट म्हणजे धर्मप्रांताच्या आधीची पायरी म्हणून सुरू झाला आणि २०१९ मध्ये पूर्ण धर्मप्रांत झाला. सीएनआयचे असाल तर सीएनआयचा मुंबई धर्मप्रांत, ज्यात ठाण्याचं १८२५ मधलं सेंट जेम्स चर्च येतं (प्रश्न १२). मार थोमा आणि मलंकारा ऑर्थोडॉक्स या दोघांचीही मुंबई धर्मप्रांतांची मुख्यालयं वाशीत आहेत (प्रश्न १३). म्हणजे "मुंबईचे बिशप" हे वर्णन एकाच वेळी निरनिराळ्या चर्चच्या निरनिराळ्या माणसांना लागू पडतं. बातमी वाचताना हे लक्षात ठेवलं की पुष्कळ भांडणं टळतात.

३. भाईंदर मुंबईकडे आणि खाडीपलीकडचं नायगाव वसईकडे, असं का? पूर्वी तर सगळा एकच ठाणे जिल्हा होता.

पूर्वी धर्मप्रांतही एकच होता. २२ मे १९९८ रोजी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला. त्यावेळच्या ठाणे जिल्ह्याचा उत्तरेकडचा भाग त्यात गेला, म्हणजे आजचे हे तालुके: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड. थॉमस डाबरे पहिले बिशप झाले, पापडीचं चर्च कॅथेड्रल (प्रश्न १५) झालं. भाईंदर, उत्तन, मीरा रोड हा खाडीच्या दक्षिणेचा भाग मुंबईकडेच राहिला.

पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी सरकारने पालघर जिल्हा केला, तो नेमका याच आठ तालुक्यांचा. म्हणजे इथे चर्चची सीमा आधी पडली आणि सरकारची सोळा वर्षांनी. दोन्ही सीमा जुळल्या म्हणून लोकांना वाटतं की धर्मप्रांत जिल्ह्याप्रमाणे आखतात. तसा नियम नाही. कोकणातून ठाण्यात आलेल्यांनी आपल्या गावाकडे बघावं: सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यातून वेगळा झाला, गाव महाराष्ट्रात असलं तरी तो जोडलेला आहे गोवा आणि दमणच्या महाधर्मप्रांताला.

४. मुंबईचे आर्चबिशप हे वसई, पुणे आणि नाशिकच्या बिशपांचे साहेब का?

नाही. आणि हा एकच गैरसमज दूर झाला तर या पानाचं अर्धं काम झालं.

आपल्या डोक्यात तलाठी, तहसीलदार, कलेक्टर अशी उतरंड पक्की बसलेली असते. चर्चमध्ये तशी सरळ उतरंड नाही. प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतात पूर्ण अधिकाराचे असतात आणि ते थेट पोपना जबाबदार असतात. वसईच्या फादरांची बदली मुंबईचे आर्चबिशप करू शकत नाहीत. नाशिकचं नवं पॅरिश त्यांच्या सहीने होत नाही. पुण्याच्या जमाखर्चावर त्यांचा हात नाही.

मग मुंबईचं स्थान काय? मुंबई, पुणे, नाशिक आणि वसई मिळून एक चर्च-प्रांत होतो, त्याचे मुंबईचे आर्चबिशप हे मेट्रोपॉलिटन. त्यांना काही मोजकी कामं दिलेली आहेत. प्रांतात श्रद्धा आणि शिस्त नीट पाळली जाते का याकडे लक्ष ठेवणं, गैरप्रकार दिसले तर पोपना कळवणं, एखाद्या बिशपांनी पॅरिशची ठरलेली पाहणी टाळली तर रोमची आधी मंजुरी घेऊन ती स्वतः करणं. बिशपांची जागा रिकामी झाली आणि ठरल्या मुदतीत तात्पुरते प्रशासक निवडले गेले नाहीत, तर ते नेमणं. एवढंच. लक्ष ठेवण्याचा अधिकार आहे, हुकूम सोडण्याचा नाही. २०१९ पासून यात एक महत्त्वाची भर पडली आहे, ती प्रश्न ७ मध्ये.

५. मग कार्डिनल कुठल्या पायरीवर?

कार्डिनल ही धर्मप्रांत चालवण्याची पायरीच नाही. पोप ज्यांना निवडतात ते कार्डिनल, त्यांचं मोठं काम म्हणजे नवे पोप निवडणं, आणि मतदानाचा हक्क वयाच्या ८० वर्षांपर्यंत. मुंबईला पहिले भारतीय कार्डिनल मिळाले ते १९५३ मध्ये, व्हॅलेरियन ग्रेशियस. पुढे ऑस्वल्ड ग्रेशियस २००६ मध्ये आर्चबिशप झाले आणि २००७ मध्ये कार्डिनल. पण मुंबईचे आर्चबिशप झाले म्हणजे लाल टोपी आपोआप मिळते असं कुठे लिहिलेलं नाही.

६. सहायक बिशप, को-ॲड्जुटर बिशप, व्हिकर जनरल. कोणाचं काय काम?

सहायक बिशप मोठ्या धर्मप्रांतात मदतीला असतात. दृढीकरणाला (कन्फर्मेशनला) तुमच्या पॅरिशमध्ये बहुतेक वेळा तेच येतात. मुख्य बिशपांची जागा रिकामी झाली तरी त्यांना ती आपोआप मिळत नाही.

को-ॲड्जुटर यांना ती मिळते. ताजं उदाहरण मुंबईचंच: पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबईचे को-ॲड्जुटर आर्चबिशप नेमले गेले, आणि २५ जानेवारी २०२५ रोजी कार्डिनल ग्रेशियस निवृत्त होताच ते आर्चबिशप झाले. मधे एक दिवसही जागा रिकामी राहिली नाही.

व्हिकर जनरल हे बिशपांचे कारभारातले उजवे हात. ते बिशप असतील असं नाही, साधे फादरही असू शकतात. प्रत्येक धर्मप्रांतात हे पद असावंच लागतं. तुमचं पत्र बिशप हाउसला गेलं आणि उत्तरावर दुसऱ्याच कोणाची सही दिसली, तर ती बहुधा यांची किंवा चान्सलरांची. चान्सलर कागदपत्रं आणि दप्तर सांभाळतात. त्यांच्या सहीचं उत्तर आलं म्हणजे तुमचा अर्ज बिशपांपर्यंत पोहोचलाच नाही, असा अर्थ काढू नका.

७. बिशपवर देखरेख कोण ठेवतं? त्यांना कोणी विचारणारं आहे का?

आहे, पण ते एकाच ठिकाणी बसलेलं नाही.

वरून: दर पाच वर्षांनी बिशपांना धर्मप्रांताचा सविस्तर अहवाल पोपना द्यावा लागतो, आणि त्याच सुमारास रोमला जाऊन भेटावं लागतं. दिल्लीतले पोपचे राजदूत वर्षभर कानोसा घेत असतातच.

शेजारून: मेट्रोपॉलिटन, प्रश्न ४ मध्ये सांगितलं तसं. त्यात २०१९ ची भर अशी. पोप फ्रान्सिस यांच्या आदेशानुसार, लैंगिक अत्याचाराची तक्रार खुद्द बिशपांविरुद्ध असेल किंवा त्यांनी असं प्रकरण दाबल्याची असेल, तर प्राथमिक चौकशी साधारणपणे मेट्रोपॉलिटननी करायची. आधी रोमला कळवून, तिथून परवानगी घेऊन. तक्रार मेट्रोपॉलिटनविरुद्धच असेल तर ती रोमला जाते. २०२३ मध्ये हा आदेश थोड्या बदलांसह कायमचा झाला.

आतून: हा भाग लोकांना माहीत नसतो. आर्थिक परिषद नसलेला धर्मप्रांत नियमात बसत नाही. धर्मगुरूंची परिषद असावी लागते, आणि तिच्यातून निवडलेलं सहा ते बारा जणांचं सल्लागार मंडळही. नवं पॅरिश करायचं, जुनं बंद करायचं किंवा त्याच्या सीमा बदलायच्या तर बिशपांना धर्मगुरूंच्या परिषदेचं ऐकून घ्यावंच लागतं. मोठी मालमत्ता विकायची तर नुसतं ऐकून भागत नाही, आर्थिक परिषद आणि सल्लागार मंडळ दोघांची संमती लागते (प्रश्न १७).

खाली पॅरिशमध्येही आर्थिक समिती सक्तीची आहे. पॅरिश कौन्सिल मात्र सल्ल्यापुरतं. तिथे बहुमताने ठराव झाला तरी फादरांना तो बांधील नसतो, आणि यावरूनच वार्षिक सभेनंतर चर्चच्या आवारात घोळके करून चर्चा रंगतात. माझं मत विचाराल तर सल्ल्यापुरतं कौन्सिलही पुष्कळ करू शकतं. आर्थिक समितीत हिशेब वाचता येणारी दोन माणसं असली पाहिजेत, एवढं जरी झालं तरी.

८. बिशप निवडताना लोकांचं मत का घेत नाहीत?

लॅटिन कॅथलिकांमध्ये मतदान नाही. दर तीन वर्षांनी प्रांतातले बिशप योग्य वाटणाऱ्या धर्मगुरूंची नावं गुप्तपणे पाठवतात. जागा रिकामी झाली की पोपचे राजदूत चौकशी करतात, तीन नावं रोमला जातात, नेमणूक पोप करतात. चौकशीची गोपनीय पत्रं काही धर्मगुरूंना येतात आणि काही जाणत्या लोकांनाही येऊ शकतात. म्हणजे मत विचारलं जातं, पण कोणाला विचारलं ते कळत नाही. उमेदवार किमान ३५ वर्षांचा, धर्मगुरू होऊन किमान पाच वर्षं झालेला असावा लागतो.

इतर चर्चमध्ये निवडणूक असते. प्रश्न १०, १२ आणि १३ पाहा.

९. बिशप ७५ व्या वर्षी निवृत्त होतात ना? मग काही जण पुढेही कसे राहतात?

७५ पूर्ण झाल्यावर त्यांनी राजीनामा सादर करायचा असतो. तो मंजूर करायचा की थांबवून ठेवायचा, हे पोप ठरवतात. कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस डिसेंबर २०१९ मध्ये ७५ वर्षांचे झाले आणि ८० पूर्ण होऊन महिना उलटेपर्यंत मुंबईचे आर्चबिशप होते. यात नियमभंग काही नाही.

जागा खरोखरच रिकामी झाली, तर सल्लागार मंडळ आठ दिवसांत प्रशासक निवडतं, किंवा रोम स्वतःच कोणाला तरी नेमतं. प्रशासकांनी रोजचा कारभार चालवायचा, नवं काही सुरू करायचं नाही. त्या काळात तुमच्या पॅरिशची विभागणी अडली असेल, तर फादरांना दोष देऊ नका.

१०. कल्याणलाही कॅथलिक आर्चबिशप आहेत म्हणे. एकाच ठाण्यात दोन कॅथलिक धर्मप्रांत कसे?

कॅथलिक चर्च म्हणजे एकच चर्च नव्हे. पोपना मानणाऱ्या २४ चर्चचं ते कुटुंब आहे. भारतात त्यातली तीन आहेत: लॅटिन, सीरो-मलबार, सीरो-मलंकारा. शेवटच्या दोन केरळच्या परंपरेतल्या, आणि त्यांना १९९० ची वेगळी, पौर्वात्य चर्चची धर्मसंहिता लागू आहे.

केरळहून नोकरीधंद्यासाठी आलेल्या सीरो-मलबार कुटुंबांसाठी ३० एप्रिल १९८८ रोजी कल्याण धर्मप्रांत झाला, मुंबई, पुणे आणि नाशिकच्या लॅटिन धर्मप्रांतांच्याच भूभागावर. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचा महाधर्मप्रांत झाला. डोंबिवली, कल्याण, ऐरोली, नेरूळच्या सोसायट्यांमध्ये त्यामुळे असं दिसतं की एकाच मजल्यावरची दोन कॅथलिक कुटुंबं दोन वेगळ्या आर्चबिशपांची. त्यांच्यात वरिष्ठ-कनिष्ठ कोणी नाही. सीरो-मलबार चर्चचे प्रमुख मेजर आर्चबिशप केरळात असतात आणि तिथल्या बिशपांचं सिनड (सभा) बिशपांच्या निवडीत मोठा वाटा उचलतं. केरळबाहेरच्या नेमणुकांना पोपची मान्यता लागते.

आणि दोन सत्ता एका जागी ही गोष्ट या भागाला नवी नाही. पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालचे धर्मगुरू आणि थेट रोमने पाठवलेले धर्मगुरू यांच्यात मुंबई बेटावरची चर्चं वाटली गेली होती, आणि साष्टीची पॅरिश १८८६ पासून दमण धर्मप्रांतात होती. १९२८ च्या करारानंतर हा दुहेरी कारभार संपला आणि दमणचा भाग मुंबईत आला. करारात आणखी एक गंमत होती: मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश नेमायचे! १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस आले तेव्हा तो फेरा थांबला.

११. आम्ही सीरो-मलबार, पण घराजवळचं लॅटिन चर्चच बरं पडतं. मुलीचा बाप्तिस्मा, पहिलं कम्युनियन सगळं तिथेच झालं. आता आम्ही लॅटिन झालो का?

नाही झालात. कितीही वर्षं लॅटिन मिस्साला गेलात तरी नुसत्या जाण्याने चर्च बदलत नाही. रविवारचं कर्तव्य मात्र कुठल्याही कॅथलिक चर्चमधल्या मिस्साने पूर्ण होतं, तिथे काळजी नको.

मुलीचं चर्च बाप्तिस्मा कुठे झाला यावर ठरत नाही, आईवडिलांवर ठरतं. दोघंही सीरो-मलबार तर मुलगीही सीरो-मलबार, वहीत लॅटिन पॅरिशचा शिक्का असला तरी. आई लॅटिन आणि वडील सीरो-मलबार असतील तर दोघांनी मिळून लॅटिन निवडता येतं, नाहीतर वडिलांचं चर्च धरतात. लग्नाच्या वेळी किंवा नंतर लॅटिन पत्नी किंवा पती आपल्या जोडीदाराच्या चर्चमध्ये जाऊ शकतात, पण त्यासाठी तसं रीतसर जाहीर करावं लागतं. पौर्वात्य चर्चमधल्या स्त्रीलाही हे सोपं आहे, तिथल्या पुरुषाला मात्र रोमची परवानगी लागते. बाकी कोणालाही चर्च बदलायचं असेल तर गोष्ट परवानगीवरच जाते.

हे एवढं बारीक का सांगतोय? लग्नाच्या वेळी अडतं म्हणून. पौर्वात्य नियमानुसार लग्न साधारणपणे नवऱ्या मुलाच्या पॅरिश प्रिस्टसमोर होतं. वर किंवा वधू दोघांपैकी एकजण जरी सीरो-मलबार असला तरी लग्न लावायला धर्मगुरूच हवेत. लॅटिन पद्धतीत डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) लग्न लावू शकतात, इथे त्यांनी लावलेलं वैधच ठरत नाही. हॉल बुक करण्याच्या आधी दोन्हीकडच्या फादरांशी बोला. हॉलचा ॲडव्हान्स परत मिळत नाही.

१२. सीएनआयमध्ये कसं चालतं? आमच्या पाळकसाहेबांच्या वर कोण?

सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालं, सहा चर्च एकत्र येऊन: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन आणि डिसायपल्स. म्हणून त्यांच्या कारभारात बिशपही आहेत आणि सभाही. खाली पास्टोरेट (म्हणजे स्थानिक मंडळी) आणि तिची कमिटी, तिच्या वर डायोसिसन कौन्सिल, सगळ्यात वर सिनड. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर असे धर्मप्रांत आहेत. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागातून ठाण्यात स्थायिक झालेल्या अनेक घरांची मूळ नाळ तिकडच्या धर्मप्रांतांशी असते, राहत्या जागेमुळे मात्र सभासदत्व मुंबईत हलवून घ्यावं लागतं.

कॅथलिकांहून मोठा फरक हा: बिशप ठरवताना डायोसिसन कौन्सिल आणि सिनड दोघांचा हात असतो, आणि या सभांमध्ये पाळकांबरोबर सामान्य सभासदही बसतात, बोलतात, मत देतात. वरचे प्रमुख म्हणजे मॉडरेटर. ते बिशपांपैकीच एक असतात आणि सिनड त्यांना ठरावीक मुदतीसाठी निवडतं. पोपसारखं कायमचं पद नाही. देखरेख इथे सभेच्या हातात असते. सभेत दोन गट पडले की कारभार कोर्टात जातो, हेही या पद्धतीसोबत येतं.

१३. मार थोमा, ऑर्थोडॉक्स आणि मेथॉडिस्ट?

थोडक्यात सांगतो. मार थोमा चर्चचे प्रमुख मेट्रोपॉलिटन तिरुवल्ल्याला असतात. त्यांचे बिशप ठरावीक काळाने एका धर्मप्रांतातून दुसरीकडे जातात, त्यामुळे वाशीत काही वर्षांनी नवे बिशप दिसले तर काही बिनसलं असं समजू नका. मलंकारा ऑर्थोडॉक्सचे प्रमुख, म्हणजे कॅथोलिकोस, कोट्टायमजवळ देवलोकमला. त्यांच्यात नव्या बिशपांची निवड धर्मगुरू आणि लोकांचे प्रतिनिधी असलेली मोठी सभा करते. दोघंही पोपच्या अधिकाराखाली येत नाहीत. सीरो-मलबारशी नाव आणि प्रार्थनेचा सूर जुळतो म्हणून लोक इथे हमखास गल्लत करतात.

मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया हे अमेरिकन परंपरेचं, १९७० च्या एकीत ते आलं नाही आणि १९८१ मध्ये स्वायत्त झालं. त्यांच्यात धर्मप्रांताऐवजी एपिस्कोपल एरिया आणि कॉन्फरन्स असतात, मधे डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट. पाळकांच्या नेमणुका बिशप कॉन्फरन्सच्या वेळी वाचून दाखवतात.

१४. आमच्या चर्चमध्ये पास्टरांच्या वर कोणीच बिशप नाहीत. असं चालतं का?

चालतं. बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांमध्ये प्रत्येक मंडळी स्वतःचा कारभार बघते. काही मंडळ्या एखाद्या जोडसंस्थेच्या असतात, तिथे तक्रारीला वरचं दार असतं. पूर्ण स्वतंत्र मंडळीत ते दार वडीलमंडळींच्या बैठकीत किंवा ट्रस्टच्या विश्वस्तांकडे. सभासद होण्याआधी ट्रस्ट डीड वाचायला मागा. चांगल्या मंडळीला त्याचा राग येत नाही.

१५. माउंट मेरी हे मुंबईचं कॅथेड्रल आहे ना?

नाही, ती बॅसिलिका, म्हणजे पोपनी खास मानाचा दर्जा दिलेलं चर्च. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपांचं आसन असतं ते चर्च. मुंबई महाधर्मप्रांताचं कॅथेड्रल कुलाब्याचं होली नेम. सीएनआयचं फोर्टमधलं सेंट थॉमस. वसईचं प्रश्न ३ मध्ये आलंच आहे.

१६. माझा बाप्तिस्मा १९८५ मध्ये वसईतल्या पॅरिशमध्ये झाला, तेव्हा तो मुंबई धर्मप्रांत होता. आता लग्नासाठी दाखला कुठून घ्यायचा?

त्याच पॅरिशमधून. धर्मप्रांत वेगळा झाला तरी वही तिथून हललेली नाही. दाखला नवा काढून घ्या, शाळेच्या वेळची जुनी प्रत चालत नाही. कारण असं की बाप्तिस्म्याच्या वहीत एक शेऱ्याचा रकाना असतो. दृढीकरण, लग्न, धर्मगुरू झाल्याची नोंद, सगळं पुढे त्यात चढवतात. नव्या दाखल्यावर तो रकाना उतरवून येतो आणि तुमचं आधी लग्न झालेलं नाही हे त्यावरून कळतं. तो रकाना कोरा आहे की नाही, तेच फादर आधी बघतात.

ठाण्यातल्या लग्नानंतर इथले फादर वसईच्या पॅरिशला कळवतात आणि तिकडे त्या रकान्यात तारीख आणि ठिकाण चढतं. पत्रं दुसऱ्या धर्मप्रांतात जाणार असतील तर ती अनेकदा बिशप हाउसच्या कार्यालयातून मंजूर होऊन जातात. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. लग्न कुठल्या पॅरिशमध्ये लावायचं यासाठी दोघांपैकी एकाचं तिथे घर किंवा किमान महिनाभराचं वास्तव्य लागतं, दुसरीकडे हवं असेल तर आपल्या पॅरिशची परवानगी.

१७. चर्चची जमीन बिशपांच्या नावावर असते का? त्यांनी विकली तर?

बहुतेक चर्चची मालमत्ता सार्वजनिक ट्रस्टची म्हणून नोंदलेली असते, आणि तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. बिशपांची सही एकटी पुरत नाही. चर्चचे आतले नियम वेगळे, ते प्रश्न ७ मध्ये आहेत, आणि ठरलेल्या रकमेपलीकडचा व्यवहार असेल तर रोमचीही मंजुरी. सीएनआयमध्ये मालमत्ता वेगळ्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असते.

बिल्डरचा बोर्ड लागला अशी अफवा आली की आधी धर्मादाय कार्यालयात अर्ज आहे का ते बघा. मोर्चा नंतरही काढता येतो.

१८. नेरूळच्या डॉन बॉस्को शाळेतल्या फादरांची तक्रार बिशप हाउसने घेतली नाही. का?

ते सलेशियन संघाचे आहेत. जेझुइट, सलेशियन, पिलार, कॉन्व्हेंटच्या सिस्टर्स या संघांचा अंतर्गत कारभार, बदल्या आणि शाळांचं व्यवस्थापन त्यांच्या प्रोव्हिन्शियलांकडे (संघाच्या त्या भागाच्या प्रमुखांकडे) असतं. त्या संघाचे फादर पॅरिश चालवत असतील, प्रवचन देत असतील, तर त्या कामापुरते ते बिशपांच्या अधिकारात. शाळेच्या फीचा विषय प्रोव्हिन्शियल आणि शिक्षण विभागाकडे.

गुन्ह्याची तक्रार असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, चर्चच्या चौकशीची वाट बघायची नाही.

१९. पॅरिशबद्दलचा बिशपांचा निर्णय पटला नाही तर?

लेखी निर्णयाविरुद्ध आधी त्यांच्याकडेच फेरविचाराचा लेखी अर्ज करायचा, निर्णय कळल्यापासून दहा दिवसांत. त्यानंतर रोमच्या संबंधित खात्याकडे दाद मागता येते, पंधरा दिवसांची मुदत. इथे बहुतेक जण मुदतीतच अडकतात. सह्यांची मोहीम चालवण्यात महिना जातो आणि अर्ज करायचा राहून जातो.

२०. वसईचे आधीचे बिशप "आर्चबिशप" कसे? वसई तर महाधर्मप्रांत नाही.

बरोबर, वसई महाधर्मप्रांत नाही. फेलिक्स मच्याडो यांना आर्चबिशप हा किताब व्यक्तिशः मिळाला होता, नाशिकला असताना. २००९ मध्ये ते वसईला आले तेव्हा किताब त्यांच्यासोबत आला आणि ते गेल्यावर त्यांच्यासोबतच गेला. २०२४ मध्ये नेमले गेलेले थॉमस डिसोजा हे वसईचे बिशप आहेत, आर्चबिशप नाहीत. मेट्रोपॉलिटनचे अधिकार (प्रश्न ४) या व्यक्तिगत किताबासोबत येत नाहीत.

२१. सहायक बिशपांच्या नावापुढे भलत्याच देशातल्या गावाचं नाव का असतं?

प्रत्येक बिशपाला कुठला तरी धर्मप्रांत असावा अशी जुनी रीत आहे. सहायकांना स्वतःचा नसतो, म्हणून त्यांना उत्तर आफ्रिका किंवा आशिया मायनरमधल्या, कधीकाळी धर्मप्रांत असलेल्या शहराचं नाव देतात. तिकडे त्यांना जावं लागत नाही आणि तिथून पत्रही येत नाही.

२२. नवी मुंबई आणि रायगडचा वेगळा धर्मप्रांत होऊ शकतो का?

होऊ शकतो. लॅटिन चर्चमध्ये तो अधिकार फक्त रोमचा. लोकसंख्येचा ठरावीक आकडा नाही. पुरेसे धर्मगुरू, स्वतःच्या पायावर उभं राहण्याइतका निधी, कॅथेड्रल होईल असं चर्च आणि आताच्या बिशपांची शिफारस, एवढं बघतात. नाशिक १९८७ मध्ये पुण्यातून आणि वसई १९९८ मध्ये मुंबईतून असंच निघालं. वेगळं झालं तर कुठलं पॅरिश कुठे जाईल हे रोमचं फर्मान आल्यावरच कळतं, तोवर व्हॉट्सॲपवर फिरणारे नकाशे बघून फॅमिली कार्ड बदलायला जाऊ नका.